अमेरिकेच्या अध्यक्षाची सही किती टिकते?

१२ डिसेंबर २०१५. पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे हवामान करारावर शेवटचा हात फिरत होता. जगातले जवळपास सगळे देश दोन आठवडे घासाघीस करून एका मसुद्यापर्यंत पोचले होते आणि अगदी अखेरच्या तासांत अमेरिकी शिष्टमंडळ एका शब्दावर अडून बसलं. विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टं ठरवून पुढाकार घेतलाच पाहिजे, असं वाक्य मसुद्यात होतं. तिथे इंग्रजीत 'शॅल' असं क्रियापद होतं. अमेरिकेला तिथे 'शुड' हवं होतं. म्हणजे पुढाकार घ्यायला हवा, पण बंधन नाही. शेवटी किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत हा बदल वाचून दाखवला गेला आणि करार संमत झाला.

हा हट्ट शब्दांच्या छटांसाठी नव्हता. 'शॅल' राहिलं असतं तर अमेरिकेवर नवं कायदेशीर बंधन आलं असतं, आणि असं बंधन स्वीकारायचं तर करार सिनेटपुढे न्या, अशी मागणी टाळणं ओबामांना जवळपास अशक्य झालं असतं. सिनेटमध्ये त्या वेळी ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाचे ५४ सदस्य होते. तिथे लागणारी ६७ मतं मिळणं सोडाच, निम्मी मिळण्याचीही खात्री नव्हती. म्हणजे पृथ्वीच्या हवामानाविषयीच्या कराराचं एक वाक्य अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या एका ओळीने ठरवलं.

ती ओळ दुसऱ्या कलमात आहे. अध्यक्षाला सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने तह करण्याचा अधिकार राहील, मात्र हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांनी दुजोरा द्यायला हवा, असा तिचा आशय. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात आणि तिची दोन सभागृहं आहेत. त्यातल्या प्रतिनिधिगृहाला तहाच्या बाबतीत मत नाही. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोन, असे आज १०० सदस्य आहेत. सगळे हजर असतील तर ६७ जणांचा होकार लागतो. साधा कायदा करायला साधं बहुमत पुरतं; तहासाठी पट्टी इतकी वर का ठेवली?

१७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात दोन भीती होत्या. पहिली, एका माणसाच्या हाती परराष्ट्र व्यवहार सोपवण्याची. चार वर्षांसाठी निवडून आलेला माणूस परक्या राजाच्या पैशाला किंवा मानपानाला भुलून देशाला बांधून ठेवेल, असा धोका अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी उघडपणे मांडला होता, आणि हे हॅमिल्टन बलवान अध्यक्षपदाचे पुरस्कर्ते होते. दुसरी भीती अगदी ताजी होती. त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनशी व्यापारी सवलतींच्या बदल्यात मिसिसिपी नदीवरचा वाहतुकीचा हक्क काही दशकं सोडून द्यायची बोलणी झाली होती. उत्तरेकडच्या व्यापारी राज्यांना ती परवडणारी होती, दक्षिणेच्या आणि पश्चिमेकडे सरकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळ्याला फास होती. साध्या बहुमताने तह होत असते तर एका भागाने दुसऱ्याचा हक्क विकला असता. दोन तृतीयांशाची अट म्हणजे त्या राज्यांना मिळालेली हमी.

सामाईक जमिनीचा सौदा घरातला कर्ता बोलून येतो, भाव ठरवतो, हातात हातही देतो. पण खरेदीखतावर हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय जमीन जात नाही. घटनाकारांना अध्यक्षाचं स्थान साधारण तसं हवं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आपल्याकडच्या बातम्यांतही तो नेहमी दिसतो. सिनेट तहाला अंतिम मान्यता देत नाही, फक्त संमती देते. त्यानंतर शेवटची मोहोर अध्यक्षच उमटवतो, आणि संमती मिळाल्यावरही त्याने तह बासनात बांधून ठेवला तर त्याला कोणी अडवू शकत नाही.

'सल्ला' हा भाग मात्र लवकरच निकालात निघाला. ऑगस्ट १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः न्यूयॉर्कला सिनेटच्या दालनात गेले. क्रीक वगैरे दक्षिणेकडच्या मूळनिवासी जमातींशी होणाऱ्या तहाबद्दल त्यांना सिनेटरांचं मत समोरासमोर हवं होतं. सिनेटरांनी विचाराला वेळ मागितला, कागद समितीकडे पाठवू म्हणाले. वॉशिंग्टन संतापले. दोन दिवसांनी ते परत आले, काम पूर्ण केलं, पण असा सल्ला मागायला पुन्हा कधी तिथे गेले नाहीत. तेव्हापासून पद्धत अशी पडली की अध्यक्षाने आधी तह करायचा आणि मग सिनेटने त्यावर होय किंवा नाही म्हणायचं.

'नाही' काय करू शकतं, ते १९१९-२० साली जगाने पाहिलं. पहिल्या महायुद्धानंतर वुड्रो विल्सन महिनोन्‌महिने पॅरिसमध्ये ठाण मांडून व्हर्सायचा तह घेऊन आले. त्यात राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्सची) स्थापना होती, ती विल्सन यांची स्वतःची कल्पना. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांचा मुख्य आक्षेप दहाव्या कलमावर होता: दुसऱ्या सदस्य देशावर हल्ला झाला तर आपण धावून जायचं, मग युद्ध पुकारण्याचा काँग्रेसचा अधिकार उरला कुठे? लॉज यांनी तहाला पुरवणी अटी जोडल्या. विल्सन एक शब्द बदलायला तयार नव्हते. लोकांना पटवायला ते रेल्वेने पश्चिमेच्या दौऱ्यावर निघाले, कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथे त्यांची प्रकृती ढासळली आणि परतल्यावर पक्षाघाताचा झटका आला. मार्च १९२० मधल्या शेवटच्या मतदानात, लॉज यांच्या अटींसह, तहाच्या बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मतं पडली. बहुमत होतं, सात मतं कमी पडली. विरोधात मत देणाऱ्यांत विल्सन यांच्याच सांगण्यावरून ठाम राहिलेले त्यांचे स्वपक्षीय होते, हे या कहाणीतलं सगळ्यात दुःखद पान मला वाटतं. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही.

त्या धड्यानंतर अध्यक्षांनी सिनेटची वाट सोडली असं म्हटलं तर मात्र ते अर्धसत्य होईल. दुसऱ्या वाटा आधीपासूनच रुळलेल्या होत्या. टेक्सास सामील करून घेण्याचा तह सिनेटने १८४४ साली १६ विरुद्ध ३५ मतांनी फेटाळला. तेव्हा पुढच्याच वर्षी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव साध्या बहुमताने करून टेक्सास घेतलं गेलं. हवाईचंही १८९८ मध्ये तसंच झालं. विसाव्या शतकात या वाटा हमरस्ता झाल्या. आज अमेरिका करत असलेल्या आंतरराष्ट्रीय करारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक करार सिनेटपुढे तह म्हणून जातच नाहीत. त्यांना कार्यकारी करार म्हणतात.

या करारांमध्ये दोन जाती आहेत आणि फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या जातीत काँग्रेस सोबत असते: तिने आधी कायद्याने अधिकार दिलेला असतो किंवा नंतर कायदा करून मान्यता दिलेली असते. कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा हा व्यापार करार १९९३ साली असाच झाला. प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २००, सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८. मतं नीट पाहा. तह म्हणून आणला असता तर ६१ मतांवर तो पडला असता.

दुसऱ्या जातीत अध्यक्ष एकटा असतो, स्वतःच्या घटनादत्त अधिकारांच्या जोरावर. सैन्याचा सरसेनापती तोच, परदेशी राजदूतांना स्वीकारणारा तोच, म्हणजे कोणत्या सरकारला मान्यता द्यायची ते ठरवणाराही तोच. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोव्हिएत संघाला मान्यता देताना परराष्ट्रमंत्री लिट्विनोव यांच्याशी पत्रं देऊन-घेऊन जुन्या देण्याघेण्याचा निकाल लावला. १९३७ मध्ये बेलमाँट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मान्यता देण्याच्या अधिकाराचाच हा भाग आहे, सिनेटची गरज नाही, आणि एखाद्या राज्याचा कायदाही त्याच्या आड येणार नाही.

मग अध्यक्षाला मर्यादा उरली कुठे? इथेच प्रकरण रंजक होतं, कारण मर्यादा घटनेच्या एका ओळीत नाहीत. त्या निकालांत आणि पैशाच्या तिजोरीत विखुरलेल्या आहेत.

सगळ्यात उपयोगी चौकट न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९५२ मध्ये दिली. कोरियन युद्धाच्या काळात ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, न्यायालयाने ते परत करायला लावलं. त्या निकालात जॅक्सन यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: काँग्रेस पाठीशी असेल तेव्हा अध्यक्षाची ताकद सर्वाधिक, काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर पट्टा, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जात असेल तेव्हा ताकद सर्वांत कमी. निकाल कारखान्यांचा होता, पण करारांचे वाद आजही याच मापाने मोजले जातात. तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी १९८१ साली झालेला करार न्यायालयाने वैध ठरवला, कारण परदेशांवरच्या अमेरिकी नागरिकांच्या दाव्यांची तडजोड अध्यक्ष करत आले होते आणि काँग्रेसने ते वर्षानुवर्षं चालू दिलं होतं.

उलट दिशेचं उदाहरण बटाट्यांचं आहे. १९४८ साली सरकारने कॅनडाशी करार केला की तिकडचे बटाटे फक्त बियाण्यासाठी येतील, खाण्यासाठी विकले जाणार नाहीत. शेतमालाची आयात रोखायची तर काय रीत पाळायची, हे काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवलं होतं. ती रीत पाळलीच नव्हती. १९५३ मध्ये अपील न्यायालयाने हा करार अंमलात आणायला नकार दिला: परदेशी व्यापाराचं नियमन हा काँग्रेसचा अधिकार आहे आणि अध्यक्षाचा एकट्याचा करार तिच्या कायद्याला बगल देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो खटला वेगळ्या मुद्द्यावर निकाली काढला, पण हे तत्त्व आजही आधाराला घेतलं जातं.

१९५७ चा रीड विरुद्ध कोव्हर्ट हा निकाल आणखी खोल जातो. परदेशी तळांवरच्या सैनिकांच्या दोन पत्नींवर पतीच्या खुनाचे खटले चालले, एक इंग्लंडमध्ये, एक जपानमध्ये. त्या देशांशी झालेल्या करारांनुसार त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं होतं, ज्यूरीविना. न्यायालय म्हणालं की कोणताही करार, अध्यक्षाचा असो की काँग्रेससह केलेला, नागरिकाला घटनेने दिलेल्या संरक्षणापेक्षा वरचढ असू शकत नाही.

देशातला कायदा बदलण्याबाबतची मर्यादा २००८ मध्ये स्पष्ट झाली. अटक झालेल्या मेक्सिकन नागरिकांना त्यांच्या वकिलातीशी बोलण्याचा हक्क सांगितला नव्हता, म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ साली ५१ जणांच्या शिक्षांचा फेरविचार करायला अमेरिकेला सांगितलं. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी राज्यांच्या न्यायालयांना तसं करायचा आदेश दिला. टेक्सासने ऐकलं नाही. त्यांच्यातल्याच एका मेदेयीन नावाच्या कैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने टेक्सासची बाजू घेतली: जो तह आपोआप देशाचा कायदा होत नाही, त्याला कायद्याचं रूप देणं हे काँग्रेसचं काम आहे, अध्यक्षाचं नाही. त्या कैद्याला त्याच वर्षी मृत्युदंड दिला गेला. मृत्युदंडाविषयी कोणाचं काहीही मत असो, एका देशाने सिनेटच्या पूर्ण संमतीने दिलेला शब्द त्याच देशात अंमलात येऊ शकला नाही, हे मला अस्वस्थ करतं.

तिजोरीची गोष्ट सरळ आहे. परदेशाला काही द्यायचं कबूल केलं तर पैसा काँग्रेसच मंजूर करते, आणि इथे प्रतिनिधिगृहाला मत मिळतं. जॉन जे यांनी ब्रिटनशी केलेल्या 'जे तहा'साठी निधी द्यायचा की नाही, यावर १७९६ साली त्या सभागृहात इतकी रस्सीखेच झाली की ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी कसाबसा निसटला.

आणि गुप्ततेवरचा लगाम: १९६९-७० मध्ये सिनेटच्या चौकशीत लाओस, थायलंडसारख्या देशांशी झालेले गुप्त करार बाहेर आले. त्यातून १९७२ चा, सिनेटर केस यांच्या नावाचा, केस कायदा आला, ज्याने प्रत्येक करार ६० दिवसांत काँग्रेसला कळवणं बंधनकारक केलं. २०२२ च्या अखेरीस तो कडक झाला आणि काही महत्त्वाचे बिनबंधनकारक दस्तऐवजही त्यात आले.

या शेवटच्या दुरुस्तीमागे इराणचा अणुकरार उभा आहे, असं मी मानतो. जुलै २०१५ मध्ये व्हिएन्नात झालेल्या त्या समझोत्यावर कोणाचीही सही नव्हती. तो तह नाही, कार्यकारी करारही नाही, राजकीय बांधिलकी आहे, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच लेखी सांगितलं होतं. त्याआधी मार्चमध्ये ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना खुलं पत्र लिहून बजावलं होतं की पुढचा अध्यक्ष लेखणीच्या एका फटकाऱ्याने हे रद्द करू शकतो. परक्या सरकारला असं पत्र लिहिणं मला अशोभनीय वाटतं; पण त्यातला कायदा बरोबर होता. मग काँग्रेसने तपासणीचा एक कायदा केला आणि त्यात गणित उलटं झालं: तहात अध्यक्षाला ६७ मतं मिळवावी लागतात, इथे विरोधकांनाच करार नाकारणारा ठराव मतदानाला आणायला ६० आणि अध्यक्षाचा नकाराधिकार मोडायला ६७ मतं हवी होती. त्यांना ५८ पर्यंतच पोचता आलं. करार वाचला, आणि ८ मे २०१८ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी तो सोडला. कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. त्याचा फटका भारताला बसला: अमेरिकेने इराणवर पुन्हा लादलेल्या निर्बंधांतून मिळालेली सूट संपताच मे २०१९ पासून इराणी तेलाची आपली खरेदी थांबली.

पॅरिस करार तर तीन वेळा फिरला. ओबामांनी सप्टेंबर २०१६ मध्ये सिनेटला न विचारता स्वीकारला, ट्रम्प यांनी २०२० मध्ये बाहेर काढलं, बायडन यांनी २०२१ मध्ये परत आणलं, ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी पुन्हा बाहेर पडायचा आदेश काढला. एकट्याने केलेली सही एकट्याने पुसता येते.

पण सिनेटच्या संमतीने झालेला तहही अध्यक्षाला एकट्याने मोडता येतो का? तह करण्याची रीत घटनेत आहे, मोडण्याची नाही. १९७८ च्या अखेरीस जिमी कार्टर यांनी तैवानशी असलेला संरक्षण तह संपवत असल्याचं जाहीर केलं. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मूळ प्रश्नाला हात न लावता दावा काढून टाकायला सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने कायदा केला की दोन तृतीयांश सिनेट किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय अध्यक्षाने नाटोतून बाहेर पडायचं नाही. उद्या एखादा अध्यक्ष तरीही पडला तर न्यायालय काय म्हणेल, याचं नेमकं उत्तर देणारा निकाल आजवर झालेला नाही.

आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची गोष्ट. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या, १९६९ साली त्या सुरू झाल्या. त्यांना तीस वर्षं अमेरिकी इंधन मिळेल, असं १९६३ च्या करारात होतं. तो तह नव्हता, अमेरिकेच्या अणुऊर्जा कायद्याखाली झालेला कार्यकारी करार होता. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये काँग्रेसने नवा कायदा केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली नाहीत, त्याला इंधन नाही. भारताने करार दाखवला, अमेरिकेने कायदा दाखवला. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा परवाना तिथल्या नियामक आयोगाने नाकारला. कार्टर यांनी आपल्या अधिकारात तो मंजूर केला. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी अध्यक्षाचा निर्णय फेटाळला. तो रोखायला दोन्ही सभागृहं लागत होती आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी तारापूरचं इंधन वाचलं. त्या खेपेपुरतं. १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि पुढचं इंधन फ्रान्सकडून आलं.

म्हणून २००८ चा नागरी अणुकरार मला वेगळा वाटतो. त्याला प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी मान्यता दिली. त्यानंतर बुश गेले, ओबामा आले, ट्रम्प आले, बायडन आले; करार जागेवर आहे. त्यामागे चीनचं राजकारण आहे, व्यापार आहे, सगळं आहे. पण दोन्ही पक्षांच्या दोन्ही सभागृहांतल्या मतांचा पायाही आहे.

त्याच करारावर भारताच्या संसदेने मतदान केलं नव्हतं. २२ जुलै २००८ ला लोकसभेत झालेलं २७५ विरुद्ध २५६ हे मतदान सरकारवरच्या विश्वासाचं होतं. आपल्या घटनेत तहाला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणि म्हणून बांगलादेशाशी भूभागांची अदलाबदल करताना २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करावी लागली. बाकी करारांत संसद सहसा नंतर येते, अंमलबजावणीचा कायदा करायची वेळ आली की. १९९४ मध्ये माराकेश इथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली तेव्हा असंच झालं. पेटंट कायद्यातला बदल सरकारने वटहुकमाने आणला, विधेयक राज्यसभेत अडकलं, वटहुकूम बारगळला. अमेरिकेने तक्रार केली, भारत हरला, आणि १९९९ मध्ये संसदेला तो बदल करावाच लागला. सही करण्याआधी विचारलं असतं तर उत्तर कदाचित तेच आलं असतं. पण औषधांच्या किमतींवर परिणाम करणारा तो वाद सहीआधी लोकसभेत आणि राज्यसभेत व्हायला हवा होता, आणि यापुढच्या व्यापार करारांच्या बोलण्यांबाबतही माझी मागणी हीच आहे.